भिकनभाऊ मोठं लिहायचे

भिकनभाऊंनी हत्ती म्हटलं की आपण शेळी समजायची, हे सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक होतं. तिकडं खानदेशात आमच्या गावाला ठाऊक नव्हतं. सगळं रामायण तिथंच घडलं. त्याला आता पाच वर्षं होतील, पण मला अजून त्यावर थंड डोक्यानं बोलता येत नाही, तेव्हा कुणी तशी अपेक्षा करू नये.

माणूस दिसायला अगदी साधा. काटकुळा, गाल बसलेले, कानावर पेन. पॉवरलूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी, चार लूम एकट्यानं सांभाळायचा. लूमच्या खडखडाटात आमचे सगळ्यांचेच कान अर्धे गेलेत, म्हणून आम्ही खानदेशी कामगार बोलतो ते ओरडून. भिकनभाऊ ओरडून लिहायचे. नववी नापास, पण शाळेत अतिशयोक्ती अलंकाराला पैकीच्या पैकी गुण पडले होते, हे ते भेटेल त्याला सांगत. गणितात किती पडले ते कधी सांगितलं नाही.

पाळी बदलायच्या दिवशी त्यांच्या दाराशी रांग लागायची. गल्लीत निम्म्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनाही भिकनभाऊंच्या हातचंच पत्र हवं असायचं. कारण गावाकडे पत्र घरात वाचत नाहीत. पारावर वाचतात. पोस्टमन आला की धुडकू, म्हणजे भिकनभाऊंचा थोरला भाऊ, चष्मा लावून बसायचा आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचा. ज्याच्या पोराचं पत्र जोरदार, त्या बापाची मान ताठ. आता तुम्हीच सांगा, ‘मी बरा आहे, तुम्ही बरे असा’ एवढ्यावर कुणाची मान ताठ होणार?

तर भिकनभाऊ लिहायचे. मारुतीचं बोट लूममध्ये सापडलं, नख गेलं. पत्रात हात तुटता तुटता वाचला, रक्तानं कारखाना न्हाला, आणि शेठ स्वतःच्या मोटारीतून घेऊन धावला. मारुतीच्या आईनं ते ऐकून पाच सोमवार निरंकार उपवास धरले. कलाबाईला नवरा महिन्यातून एकदा सिनेमाला न्यायचा, ते पत्रात ‘राणीसारखं ठेवलं आहे’ असं झालं आणि तिच्या धाकट्या बहिणीनं सुरतेचाच नवरा पाहिजे म्हणून हट्ट धरला. मी स्वतः अठ्ठ्याऐंशी साली सुरतेला आलो तो भिकनभाऊंच्या पत्रावर. ‘येथे चार खोल्या आहेत’ असं त्यात होतं. होत्या. चार खोल्यांत चार कुटुंबं होती आणि पाचव्याला मोरीच्या बाजूला अंथरूण मिळालं, तो मी.

मी चिडलो नाही. खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. पहिल्या वर्षात मीही गल्लीतल्या इतरांसारखा त्यांच्या लिहिण्यातलं पाणी काढून टाकायला शिकलो. ते लिहीत असताना आम्ही भोवती बसायचो आणि एखादं वाक्य जमलं की ‘वा भाऊ’ म्हणायचो. त्या ‘वा भाऊ’त माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी एकट्या भिकनभाऊंना बोल लावतोय असं वाटायला नको.

त्यांची बायको शोभाबाई. तिला अक्षरओळख नाही. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घरी आणायची. नवरा लिहून मोठ्यानं वाचू लागला की ती मान खाली घालून टिकल्या लावत राहायची. एकदा मी विचारलं, “वहिनी, कसं वाटतं पत्र?”

“दुसरानं शे, माले काय वाटनार?” ती म्हणाली. दुसऱ्याचं आहे, मला काय वाटणार. आणि परत कामाला लागली.

त्यांना एकच मुलगी, चंचल. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली. चौऱ्याण्णव साली ती चार वर्षांची होती. नावाप्रमाणे एका जागी बसायची नाही. बापाच्या कानावरचं पेन पळवायची आणि भिंतीवर रेघोट्या ओढून सांगायची, की मी गावाला पत्र लिहिलं. भिकनभाऊंनी त्या भिंतीला कधी चुना लावू दिला नाही.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात गणपती बोळवून चार दिवस झाले नाहीत तोच सुरतेत प्लेगची बोंब उठली. त्याआधी तापीला पूर येऊन गेला होता, गल्ल्यांत चिखल आणि घाण तशीच पडून होती. कुणी म्हणालं शहराच्या वेडरोड भागात माणसं पटापट मरतायत, कुणी म्हणालं पाण्यात विष आहे. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरू लागला. कारखाने बंद पडले. लूम थांबले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की गोडादऱ्यात चिमण्याही आहेत.

सगळे बोचकी बांधत होते आणि भिकनभाऊ पत्र लिहीत होते. त्यांच्या डोळ्यांत मी भीती पाहिली नाही. आनंद पाहिला, हे म्हणायला जीभ जड होते, पण तसंच होतं. बारा वर्षं नखाचा हात आणि चार बिऱ्हाडांच्या चार खोल्या करत बसलेल्या माणसाला पहिल्यांदा त्याच्या मापाचा विषय मिळाला होता. सकाळी बसले ते दुपारी उठले. अकरा पानं भरली. मग गल्लीतल्या उरल्यासुरल्यांना बोलावून त्यांनी ती वाचून दाखवली.

काय काय होतं त्यात! रस्त्यारस्त्यावर प्रेतांच्या राशी. तापीचं पाणी प्रेतांनी अडलं. आई लेकराला टाकून पळते, लेकरू आईला. आम्ही गल्लीत की गल्लीबाहेर एकही प्रेत पाहिलं नव्हतं. पुढं त्यांनी लिहिलं होतं, की सगळं शहर ओस पडलं तरी हा भिकन सुरत सोडणार नाही, शेवटच्या श्वासापर्यंत रोग्यांची सेवा करील. आणि शेवटी ते वाक्य. ‘येथून जो निघाला तो माणूस नव्हे, काळ आहे असे समजा. तो सख्खा असला तरी त्याला वेशीच्या आत घेऊ नका. पाणीदेखील लांबून द्या.’

“वा भाऊ,” मी म्हणालो. “शेवट तर लईच जोरदार शे.”

ही माझी दाद. ती आठवली की अजून तोंड कडू होतं.

पंडित नावाचा आमच्याच गावचा एक सडाफटिंग त्याच दिवशी भुसावळ पॅसेंजरनं निघाला होता. पोस्टात चार दिवस जातील म्हणून भिकनभाऊंनी पत्र त्याच्या खिशात घातलं. पंडित दुसऱ्या दिवशी गावात पोचला. त्याला सगळ्यांनी ओट्यावर बसवलं, चहा पाजला, हालहवाल विचारली. मग त्यानं खिशातून पत्र काढून धुडकूच्या हातात दिलं. धुडकूनं पारावर ते पहिल्या पानापासून अकराव्या पानापर्यंत वाचलं. वाचून झालं तेव्हा पंडितच्या भोवती कुणी नव्हतं. ज्या कपातून तो चहा प्याला तो कप एका बाईनं काठीनं उकिरड्यात ढकलला आणि पंडितला गावानं दगड मारून हाकललं. तो मामाच्या गावाला निघून गेला. हे आम्हाला सुरतेत कळायची काही सोय नव्हती.

इकडं दोन दिवसांनी चंचलला ताप आला. थंडी वाजून आला, काही तासांनी घाम फुटून उतरला. मधला एक दिवस ती खेळली. परत थंडी वाजून ताप. हिवतापाची हीच रीत, आमच्याकडं कुठलीही म्हातारी लांबून बघून सांगेल. पण आमच्या भागातले दवाखाने बंद होते आणि सरकारी दवाखान्यात पाय ठेवायचा सगळ्यांनी धसका घेतला होता. शोभाबाईनं पदर खोचला. म्हणाली, मी गावाला जाते, तिथं तालुक्याला डॉक्टर आहे.

भिकनभाऊ स्वतः निघाले नाहीत. मी म्हणालो, भाऊ, तुम्हीपण चला. तर म्हणाले, “मी लिखी दिधं ना, सुरत सोडाव नही. आते कोनता तोंडघाई जाऊ?” लिहून दिलं ना, सुरत सोडणार नाही, आता कोणत्या तोंडानं जाऊ. माणसं दिलेल्या शब्दासाठी अडून बसतात ते ऐकलं होतं. हा गडी स्वतःच्याच पत्रातल्या वाक्यासाठी अडून बसला. रोग्यांची सेवा तर त्यानं एका दिवसाचीही केली नाही, दाराला आतून कडी घालून बसला होता.

मग शोभाबाईला आणि पोरीला घेऊन मी निघालो. स्टेशनवर माणसं डब्याच्या छपरावर चढत होती. भिकनभाऊंनी चंचलला खिडकीतून आत दिलं. तेव्हा मला ते शेवटचं वाक्य आठवलं आणि मी विचारलं, “भाऊ, पत्रमा तुम्ही ते लिखेल शे ना, वेशीमा घेऊ नका म्हणीसन?”

ते हसले. “अरे भूपा, ते लिखाले लागस. ते कोनी खरं धरस का? मन्हा सख्खा भाऊ शे तठे.”

लिहावं लागतं तसं, ते कुणी खरं धरतं का. बारा वर्षं ज्याचं लिहिणं कुणीतरी खरं धरत होतं म्हणून अर्धं गाव सुरतेला आलं, तो माणूस हे म्हणाला. गाडी सुटली.

नरडाण्याला उतरलो, पुढं दीड कोस चालत. चंचल माझ्या खांद्यावर होती, अंग भाजत होतं. गावाच्या अलीकडं नाला आहे, तिथं बाभळीच्या काट्यांचा आडवा ढीग टाकला होता आणि पलीकडं सात-आठ जण काठ्या घेऊन उभे होते. मधोमध धुडकू. शोभाबाईनं जेठाला, थोरल्या दिराला, पाहून डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तिला वाटलं, आता घरी पोचलो.

“तठेच थांबा,” धुडकू ओरडला.

मी समजावलं. साधा ताप आहे म्हणालो, हिवताप आहे, सुरतेत असं काही भयंकर नाही, पत्रातलं अर्धं खोटं आहे म्हणालो. धुडकूनं सदऱ्याच्या खिशातून ती अकरा पानं काढली आणि हवेत हलवली.

“भिकनना हातनं शे हाई. मन्हा भाऊ खोटं लिखी का? त्यानी सोता लिखेल शे, सख्खा व्हई तरी घेऊ नका.”

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तो काही कसाई नव्हता. भावाचा शब्द पाळत होता. मला त्या क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला, आणि आजही त्याच्यावर धड रागावता येत नाही ही माझी दुसरी पंचाईत आहे.

आम्हाला नाल्याच्या अलीकडं, शेतातल्या एका पडक्या झोपडीत जागा दिली. भाकरी लांब दगडावर ठेवून माणूस पळायचा. पाणी उंचावरून ओतायचे. गावातल्या म्हाताऱ्या बांधावर उभ्या राहून बघायच्या. त्यांना पोरीचं हुडहुडणं दिसत होतं, एक दिवसाआड येणारा ताप दिसत होता. ओळखत असतील, नक्की ओळखत असतील. एकीच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मी तालुक्याच्या गावी चालत गेलो. एका दवाखान्याच्या कंपाउंडरनं ‘कुठून आलात’ विचारलं आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं. त्यानं दार लावलं, मग खिडकीतून प्लेगच्या गोळ्यांची पुडी बाहेर फेकली. हिवतापाच्या गोळ्या आतल्या कपाटात असणार. मी दार बडवलं, शिव्या दिल्या, पाया पडतो म्हणालो. त्यानं खिडकीही लावली.

चंचल शुद्धीवर असली की बांधावर लांब उभ्या धुडकूकडं बघायची. “मोठा बाबा जोडे का नही येस?” असं आईला विचारायची. मोठे बाबा जवळ का येत नाहीत. शोभाबाई म्हणायची, त्यांना काम आहे. चौथ्या दिवशी सकाळी पोर गेली. मी आणि शोभाबाईनं तिला त्याच शेताच्या कडेला पुरलं. खड्डा खणायला कुदळ हवी होती, तीही त्यांनी लांबून फेकली.

त्यानंतर आम्ही दोघं त्या झोपडीत बारा दिवस होतो. मला शिंकही आली नाही, शोभाबाईला साधा खोकला झाला नाही. प्लेग असता तर ज्यांच्या अंगाखांद्यावर ती चार दिवस होती ते आम्ही आधी मेलो असतो. तेराव्या दिवशी काटे काढले. धुडकूनं पत्र चुलीत घातलं आणि त्यानंतर त्यानं पारावर कुणाचंही पत्र वाचलं नाही.

सुरतेला परत आलो तेव्हा शहर धुऊन-पुसून काढत होते, पांढऱ्या पावडरीचे पट्टे गल्लीगल्लीत. भिकनभाऊंना मी जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक वगळला नाही. ते भिंतीला टेकून बसले. शोभाबाईनं त्यांना एक शब्दही ऐकवला नाही. तिनं त्यांना शिव्या घातल्या असत्या, डोकं फोडलं असतं, तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटायचं.

पुढं वर्ष-दीड वर्ष त्यांनी पेन हातात धरलं नाही. आम्ही म्हणायचो, माणूस सुधारला. पण मग कुणी सांत्वनाला आलं की ते सांगू लागले. आधी एवढंच, की ‘प्लेगमध्ये पोर गेली’. चूक म्हणावी तर तशी फार मोठी नव्हती, प्लेगच्या दिवसांतच गेली होती. मग ‘प्लेगनं गेली’. मग ‘प्लेगनं माझ्या डोळ्यांदेखत गेली’. मी प्रत्येक वेळी तिथं असायचो आणि प्रत्येक वेळी गप्प बसायचो. बापाचं दुःख आहे, त्याला कुठं काठी मारायची, असं म्हणायचो. हीही माझी दादच म्हणायची, फक्त ‘वा भाऊ’ तेवढं तोंडानं म्हणत नव्हतो.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या गणेश मंडळाला दहा वर्षं झाली. मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि भिकनभाऊंना प्लेगच्या आठवणी लिहायला सांगितल्या. त्यांनी लिहिल्या. देण्याआधी शुद्धलेखन बघ म्हणून एका रविवारी दुपारी मला घरी बोलावलं. शोभाबाई उंबऱ्याशी साडी पसरून टिकल्या लावत होती.

मी वाचायला लागलो. पहिल्या पानावर तापी प्रेतांनी अडली. तिसऱ्या पानावर भिकनभाऊ रोग्यांना खांद्यावर घेऊन दवाखान्यात पोचवत होते. पाचव्या पानावर प्लेगच्या राक्षसानं त्यांच्या सोन्याच्या बाहुलीवर झडप घातली. पुढं तिनं बापाच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला, आणि जाताना म्हणाली, ‘बाबा, माझ्यासाठी रडू नका, तुम्ही लोकांची सेवा करा.’

“भूपाभाऊ, जोरमा वाचा,” शोभाबाई म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं कुठलंही लिहिणं वाचून दाखवा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी भिकनभाऊंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं असावं, आता तिला आवडेल. मी सगळं मोठ्यानं वाचलं. माझा आवाज मध्येच बसला, त्याचंही भिकनभाऊंना बरं वाटलं, मी बघत होतो.

वाचून संपलं. शोभाबाईचे हात साडीवर थांबले होते.

“यामा गाव कोठे शे?” तिनं विचारलं. यात गाव कुठं आहे. “काटा कोठे शेतस? मी कोठे शे?”

भिकनभाऊंनी कानावरचं पेन काढून हातात घेतलं. मग माझ्यानं राहवलं नाही. चार वर्षं दाबून ठेवलेलं सगळं मी बोललो. म्हणालो, भाऊ, तुम्ही तिथं नव्हता. तिचा जीव गेला तेव्हा तुम्ही सुरतेत दाराला कडी घालून बसला होता. तिला प्लेग नव्हता. तिला हिवताप होता आणि तिला तुमच्या पत्रानं मारलं, आणि ते पत्र ऐकून ‘वा भाऊ’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी मारलं. हे लिहा. लिहायचंच असेल तर हे लिहा.

ते लालबुंद झाले, मग पांढरे पडले. हातातलं पेन एकदा उघडलं, एकदा मिटलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

“खरं लिखं ते दोन वळी व्हतीन, भूपा. दोन वळी ऐकीसन कोन रडी?”

खरं लिहिलं तर दोन ओळी होतील. दोन ओळींवर कोण रडणार?

“मी रडसू,” शोभाबाई म्हणाली.

मी रडेन. एवढंच म्हणाली आणि नवऱ्याकडं बघत राहिली. माझ्या आठवणीत ती त्याच्याकडं अशी सरळ पहिल्यांदाच बघत होती. कितीतरी वेळ ती वाट बघत होती.

भिकनभाऊंनी माझ्या हातातले कागद घेतले, नीट घडी घालून खिशात ठेवले, चपला पायात सरकवल्या आणि ते मंडळात द्यायला निघून गेले.